मांडवात का नव्हतो

वाळूज,
१२ नोव्हेंबर २०२४

तनू,

फाडायच्या आधी एवढं एक पान वाच. माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच ठेवून दिलं असतंस, म्हणून पत्ता शफीककडून लिहून घेतलाय. तुझा त्याच्यावर राग नाय.

तुझा फोन मला लागत नाय. लागू नये असं तूच करून ठेवलंय, ते तुझ्या जागी बरोबर आहे. रविवारी तुझी आई गॅलरीत उभी राहून तुझ्याशी बोलते हे मला माहीत आहे. तेवढ्यापुरता मी खाली दुकानात जातो आणि काहीतरी घेऊन येतो. घरात काडेपेट्यांचा ढीग झालाय. आईच्या तोंडून निरोप पाठवता आला असता, पण मला स्वतःच लिहायचं होतं.

इकडं सगळं ठीक. दिवाळीचे आईनं तुला पाठवलेले अनारसे विशाखापट्टणमला पोचले, पण निम्मे मोडले असं कळलं. मी अजून तिसऱ्या पाळीतच आहे. साहेबांनी दिवसपाळी देऊ केली होती, मीच नको म्हणलं. रात्री माणसं कमी असतात, कुणी फार बोलत नाय, बरं पडतं. तब्येत उत्तम. डोळ्याचा नंबर तेवढा वाढलाय, औरंगपुऱ्यात जाऊन दाखवायचाय. भूक कमी झालीय, झोप मात्र चांगली लागते. जरा जास्तच लागते.

लिहिण्यासारखं विशेष काही नाय. आकाशरावांना नमस्कार सांग. सांगावा वाटला नाय तर नको सांगू.

पप्पा


३० नोव्हेंबर २०२४

तनू,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. डोळ्याचा नंबर वाढलेला नाय. औरंगपुऱ्यात जायचं होतं ते दुसऱ्याच कामाला, शफीकनं दिलेल्या एका पत्त्यावर, आणि दोनदा निघून दोन्ही वेळा बाबा पेट्रोल पंपापासून परत फिरलो.

नऊ दिवस कामावर गेलो नाय. कंपनीत ताप सांगितलाय. ताप नाय. हातपाय चालतात, दुखत कुठंच नाय, पण उठायचं कशासाठी तेच सापडत नाय. तुझी आई उशाशी चहा ठेवून जाते. तासाभरानं तोच कप उचलून नेते. पहिले चार दिवस ती ओरडली. नंतर ओरडायची बंद झाली, ते जास्त वाईट.

काल सकाळी शफीक आला. पांघरूण ओढलं आणि म्हणाला, "चल. खाली गाडी चालू ठेवून आलोय, पेट्रोल जळतंय."

"कुठं?"

"जिथं तू दोनदा गेला नाहीस तिथं."

म्हणलं, "मी काय पागल झालोय का?"

तर तो पलंगावर बसला. तुला शफीककाका माहीतच आहे, बावीस वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर, जेवणाच्या सुट्टीत सगळ्या टेबलाला हसवणारा. तो म्हणाला, "मोठा भाऊ गेला त्या साली मी चार महिने त्या बाईकडं जात होतो. दर बुधवारी. तुला सांगायचो की दाढ काढायला जातोय. बत्तीस दाढा झाल्या असतील माझ्या. तेरेकू क्या लगा, मैं पैदा होतेच हसता था?"

इतक्या वर्षांत मला त्यातलं काही कळलं नव्हतं. उठलो. तुझ्या आईनं स्वेटर चढवला, मी लहान पोरागत हात वर केले. गेलो.

हात दुखला, थांबतो.

पप्पा


११ डिसेंबर २०२४, बुधवार

तनू,

आज तिसऱ्यांदा जाऊन आलो. पहिल्या वेळी काय झालं ते सांगतो.

औरंगपुऱ्यात भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत शिलाई मशीनचं दुकान आहे, त्याच्यावर ती खोली. पाटीवर नुसतं 'समुपदेशन केंद्र' एवढंच. जिना चढताना मी कानटोपी भुवयांपर्यंत ओढली होती. गल्लीतल्या कुणी ओळखलं तर काय, ही धास्ती.

बाईंचं नाव मंतशा. मी खुर्चीत बसलो तो पंधरा-वीस मिनिटं नुसता ऐकत राहिलो. खालच्या दुकानात कुणी मशीन चालवून बघत होतं, तेवढाच आवाज. शेवटी मीच विचारलं, "मॅडम, तुमचं वय काय?"

"एकोणतीस."

"माझी पोरगी सव्वीसची आहे."

"काय करते?"

"नीट माहीत नाय. माझ्याशी बोलत नाय ती."

"कधीपासून?"

"मागच्या डिसेंबरपासून. तिच्या लग्नापासून."

मला वाटलं आता लग्नाचं विचारतील. त्यांनी विचारलं, "आणि त्याच्या आधीचा डिसेंबर कसा गेला होता, काका?"

मी आठवायला लागलो. त्या डिसेंबरात मी कंबर धरली म्हणून तीन आठवडे घरी होतो. कंबर धरली नव्हती. त्याच्या आधीच्या साली तुझ्या मामाची वास्तुशांत चुकवली. तुझं बारावीचं गॅदरिंग, तू भाषण करणार होतीस, मी आलो नाय, तो जानेवारी होता. एकेक साल मागं जात गेलो तर प्रत्येक साली तेच. दिवाळी झाली की मी उतरायला लागतो आणि शिवरात्रीच्या आसपास वर येतो. दुसऱ्यांच्या कामातला पाच मायक्रॉनचा, केसाहून बारीक फरक मी तपासणीत पकडतो, त्याचाच पगार घेतो. आणि दरसाल त्याच जागी येणारा हा दोष मला दिसला नाय.

बाई म्हणाल्या, "ऋतूप्रमाणं येणारं नैराश्य असतं, काका. तो आजार आहे. त्याला उपचार आहेत."

म्हणलं, "ते बर्फाच्या देशात असेल. इथं हिवाळ्यात ऊन टाळून चालावं लागतं."

"तुम्ही शेवटचं ऊन कधी बघितलं?"

मी हिशोब करून बघितला, तनू. संध्याकाळी अंधार पडल्यावर निघायचं, रात्रभर ट्यूबलाइट, सकाळी आलो की पडदे लावून झोपायचं. बाई म्हणाल्या, थंडीत दिवस लहान होतो आणि उरलेला तुम्ही झोपेत घालवता. सगळ्यांना असं होत नाही, पण तुमचा शरीरधर्म असा दिसतो. त्यांनी डॉक्टरकडंही जायला सांगितलं, आणि एक वही आखून दिली. दिवसभरात काय केलं ते लिहायचं, आणि ते करताना कसं वाटलं त्याला दहापैकी आकडा द्यायचा. मला आपल्या कंपनीच्या तपासणीच्या तक्त्यासारखं लिहायची सवय. पहिल्या दिवशी लिहिलं: 'आंघोळ – नाकारली. चहा – पास. गच्चीवर ऊन, दहा मिनिटं – पास, शेरा: डोळे दिपले.' वाचून बाई हसल्या. मग मीही हसलो. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं की आज मी हसलो, तर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाय.

पप्पा


१५ डिसेंबर २०२४

तनू,

आज तुमच्या लग्नाला वर्ष झालं. गेले दोन बुधवार मी बाईंना जे सांगितलं ते तुलाच सांगायला पायजे होतं.

त्या दिवशी सकाळी मी तयार झालो होतो. नवा सफारी घातला, गंध लावलं. एका पायात मोजा घातला आणि दुसरा हातात धरून पलंगावर बसलो. तो दुसरा मोजा मला घालता येईना. हसू नको. अर्धा तास मी त्या मोज्याकडं बघत होतो. तुझी आई तुला घेऊन पुढं कार्यालयात गेली होती. मांडवात तीनशे माणसं, प्रत्येकाला हात जोडायचे, हसायचं, तुझा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा, या विचारानं छातीवर कुणी चक्की ठेवल्यासारखं झालं. त्याच्या आधी दीड महिना मी तसाच ढकलत होतो. त्या दिवशी ढकलणं संपलं.

मामा बोलवायला आला. "दाजी, मुहूर्त टळतोय, चला."

म्हणलं, "मी येत नाय."

"का?"

आता काय सांगू त्याला? मोजा घालता येत नाय म्हणून? रडू येतंय म्हणून? चोपन्न वर्षांचा बाप्या. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "मला हे लग्न पसंत नाय. पोरगा आपल्यातला नाय."

तनू, हे खोटं होतं. आकाश मला पहिल्या दिवसापासून पसंत होता. तो घरी आला तेव्हा त्यानं बंद पडलेला पंखा न सांगता दुरुस्त केला होता, आणि तो गेल्यावर मी तुझ्या आईला म्हणलं होतं, पोरगी नशीबवान आहे. जातीचं माझ्या मनात काही नव्हतं. पण ते वाक्य कुणालाही लगेच पटण्यासारखं होतं. चिडलेला बाप लोकांना माहीत असतो. मामानं पुन्हा एक प्रश्न विचारला नाय. आणि सगळ्यात लाजिरवाणं हे, की ते बोलल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. मामा गेला, मी सफारीसकट झोपलो, ते दिवेलागणीला उठलो.

मामानं ते जसंच्या तसं मांडवात सांगितलं. तुझ्या सासऱ्यांनी ऐकलं. कन्यादान मामानं केलं. आणि मी तेच धरून बसलो, तुझ्या आईपाशीसुद्धा. नंतर शिवरात्रीला बरं वाटायला लागलं तेव्हा खुलासा करता आला असता. पण तोवर माझ्या नावावर ते वाक्य पक्कं झालं होतं, आणि आजारी माणसापेक्षा हट्टी माणूस म्हणवून घेणं मला सोपं गेलं.

माफ कर असं लिहीत नाय. ते तुझ्यावर आहे. खरं काय ते तुला कळावं, एवढंच.

पप्पा


२ जानेवारी २०२५

तनू,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी आहेत, पण तुझ्या अक्षरात. आईनं मोठ्यानं वाचलं, मी परत मनात वाचलं. "हे तुम्ही वर्षभर का लपवलं? माझा राग गेलेला नाही. आणि मला सांगून काय उपयोग? ज्यांना ते ऐकावं लागलं त्यांना जाऊन सांगा."

राग आहे म्हणजे तू पत्र वाचलंस. मला एवढंही पुष्कळ आहे.

मी डॉक्टरांकडं जाऊन आलो. तुझी आई सोबत होती. त्यांनी सगळं विचारलं आणि मग म्हणाले, "जगायचा कंटाळा येतो का?" मी पटकन "नाय" म्हणलं. तुझी आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "खरं सांगा. मी बाहेर जाऊ का?" म्हणलं, "नको जाऊ." आणि सांगितलं. नोव्हेंबरात एक-दोन सकाळी आला होता तसा विचार. डॉक्टर दचकले नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं, गोळी सुरू केली, आणि तसा विचार पुन्हा आला तर कुणाला आणि कधी फोन करायचा ते तुझ्या आईपुढं ठरवून दिलं. परतीच्या रिक्षात तुझ्या आईनं माझा हात धरला होता, तो घर येईपर्यंत सोडला नाय. तुला हे सांगतोय कारण आता लपवायचं नाय असं मी ठरवलंय. घाबरू नको. त्यानंतर तो विचार आलेला नाय.

डॉक्टरांची चिठ्ठी कंपनीत दिली, तिसरी पाळी सुटली. आता तीन वाजता घरी असतो, आणि उन्हात.

रविवारी गंगापूरला आवडाआत्याला भेटून आलो. तिला ऐंशी पार झालीत, कान गेलेत, म्हणून ओरडून सांगावं लागलं की मला थंडीत असं असं होतं, दवाखाना चालू आहे. शेजारपाजाऱ्यांनीही ऐकलं असेल. आत्या म्हणाली, "मंग तुपल्या बापाचंच हाय हे. हिवाळा लागला की तो गोठ्यात जाऊन बसायचा. भाकर आत न्यावी लागायची. लई कष्टाळू मानूस, पन तीन महिने हालायचा नाय. आमी समदे त्याला आळशी म्हनायचो रं."

"कुणी विचारलं नाय त्याला?"

"काय इचारायचं? आळशी मानसाला कुनी इचारतं व्हय?"

मीही त्याला तेच म्हणायचो, तनू. तोंडावर. येताना जीपमध्ये सगळा रस्ता माझ्या बापाचा चेहरा डोळ्यांपुढं होता. पण मन जड नव्हतं. एवढ्या वर्षांनी त्याचं नि माझं पटलं असं वाटलं.

पप्पा


१३ जानेवारी २०२५

तनू,

काल तुझ्या सासरी गारखेड्याला जाऊन आलो. एकटाच गेलो. बाईंनी विचारलं होतं, "तिथं त्यांनी दार लावलं तर?" म्हणलं, "परत येईन आणि वहीत लिहीन: नाकारली."

तुझे सासरे, कडूबाराव, पेपर वाचत होते. आत या म्हणाले, पण उठले नाहीत. तुझ्या सासूबाई पाणी ठेवून दारात उभ्या राहिल्या. मी पाठ करून गेलो होतो ते विसरलो. सरळ म्हणलं, "लग्नाच्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं. मला तुमच्या जातीची काही अडचण नव्हती. मी आजारी होतो आणि ते सांगायची लाज वाटली." मग मोज्यापासून सगळं सांगितलं.

कडूबारावांनी पेपरची घडी घालून ठेवली. मग म्हणाले, "आजारानं तुम्हाला घरी बसवलं, कबूल. पण ते वाक्य आजारानं म्हणलं का? बोललात तुम्ही."

"व्हय. मी बोललो."

"आमची ही तेव्हा अक्षता वाटत होती. तिच्या हातातून ताट पडलं."

मी सासूबाईंकडं बघितलं. हे मला माहीत नव्हतं. उठून त्यांच्यासमोर गेलो आणि वाकून पाया पडलो. त्या मागं सरकल्या. "अहो, व्याही कुठं पाया पडतात का!" रडत होत्या का रागात होत्या, मला कळलं नाय. आत निघून गेल्या.

मला वाटलं आता निघावं. चपला घालत होतो तर आतून आवाज आला, "चहा टाकलाय म्हणावं."

चहा तिघांनी बसून प्यायला. निघताना कडूबाराव फाटकापर्यंत आले. "लगेच जमायचं नाय मला," म्हणाले. "पण आलात ते बरं केलंत." चौकात बसची वाट बघत उन्हात उभा होतो. छातीवरची ती चक्की उचलल्यासारखी हलकी झाली होती.

वहीत दहापैकी आठ दिलेत.

पप्पा


२३ फेब्रुवारी २०२५

तनू,

काल आईच्या फोनवर नाय, माझ्या फोनवर तुझं नाव दिसलं. मी इतका गडबडलो की पहिल्यांदा कट केला. परत लावलास, बरं झालं.

आपण काय बोललो ते मला नीट आठवतही नाय. तिथल्या समुद्राचं बोललीस, नोकरीचं बोललीस, मध्येच रडलीस आणि मग मलाच रागावलीस की गोळी जेवणानंतर घ्यायची असते, आधी का घेता. फोन ठेवल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हणलं, "रागावली." आणि दोघंही हसत बसलो.

येत्या बुधवारी शिवरात्र आहे. या साली मी तिच्या बऱ्याच आधी वर आलोय. बाई म्हणाल्या, आता महिन्यातून एकदा आलात तरी चालेल.

पप्पा


१७ डिसेंबर २०२५

तनू,

तुम्ही सुखरूप पोचलात हे कळलं. आता फोनवर रोज बोलतो, तरी हे पत्र लिहितोय, कारण रविवारी एक गोष्ट राहून गेली.

या हिवाळ्याचं तू डोळ्यांनी बघितलंसच. ऑक्टोबरातच डॉक्टरांना भेटलो, बाईंकडं दर बुधवार पुन्हा सुरू केला. नोव्हेंबरात चार दिवस वाईट गेले. पण पहिल्याच दिवशी तुझ्या आईला सांगितलं, शफीकला सांगितलं, आणि शफीक रोज सकाळी गच्चीवर येऊन माझ्या उरावर बसला. चार दिवसांच्या पुढं ते गेलं नाय. आधी ते चार महिने असायचं.

तर रविवारचं. गारखेड्याला तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाची पंगत बसली, तू आत-बाहेर करत वाढत होतीस, म्हणून हे तुझ्या कानावर आलं नसेल. माझ्या शेजारी कडूबारावांचे ते शेजारी बसले होते, उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी कडूबारावांना विचारलं, "लग्नाला आले नव्हते ते व्याही हेच ना?"

माझा घास तोंडातच राहिला.

कडूबाराव म्हणाले, "हेच. तेव्हा आजारी होते, आणि सांगायला लाजले, म्हणून भलतंच बोलून बसले. नंतर घरी येऊन कबूल केलं. आता काही लपवत नाहीत." आणि माझ्या पानात स्वतःच्या हातानं जिलेबी टाकली.

"कसला आजार?"

कडूबारावांनी माझ्याकडं बघितलं. मीच म्हणलं, "दर थंडीत नैराश्य यायचं. उपचार चालू आहेत. आता बरा आहे."

त्या माणसानं मान हलवली आणि जेवायला लागला. मला वाटलं विषय संपला. थोड्या वेळानं तो माझ्याकडं सरकला आणि अगदी हळू म्हणाला, "आमच्या मंडळींना तीन वर्षं असंच होतंय. आम्ही देव-देव करतोय. तुम्ही कुणाकडं जाता? त्या कोणत्या वारी असतात?"

मी डाव्या हातानं खिशातून फोन काढून बाईंचा नंबर शोधत होतो, आणि नेमकी तेव्हाच तू कढीचं पातेलं घेऊन समोर उभी राहिलीस. "पप्पा, वाढू?" म्हणालीस. मी म्हणलं, "नको, थांब." जरा तुटकच म्हणालो. तुझा चेहरा उतरलेला मी बघितला, पण त्या माणसासमोर काही बोलता आलं नाय, आणि नंतर गर्दीत राहून गेलं.

म्हणून हे पत्र. कढी मला हवी होती.

पप्पा